सखू खोलीत बसली होती

मतिमंद मुलांना शिकवायच्या प्रशिक्षणाला गोजराचं नाव गेलं ते काही तिच्या हुशारीमुळे नव्हे. शाळेतल्या बाकी सगळ्या मास्तरांनी काही ना काही सबब सांगून अंग काढून घेतलं, म्हणून गेलं. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाची कंबर धरली, आणि एकाने तर सरळ सांगून टाकलं की असल्या पोरांत बसून आपणही तसेच होऊ. शेवटी मुख्याध्यापकांची नजर गोजरावर येऊन थांबली. सारसोळ्याच्या आळीतली ती पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, पनवेलला राहून डी.एड. केलेली. लग्न अजून ठरायचं होतं, आणि वरिष्ठांना नाही म्हणायचा धीर तिच्या अंगात नव्हता.

साल शहाऐंशी. खाडीकाठची भातखाचरं आणि मिठागरं नव्या शहरासाठी गेल्याला बरीच वर्षं झाली होती. रस्ते रुंद होते, पण त्यावर माणूस शोधून सापडत नसे. इमारतींना नळ होते, आणि नळांना पाणी असलं तर शेजारी एकमेकांना हाका मारून सांगत. वाशीतल्या अशाच एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर एका संस्थेने प्रशिक्षण केंद्र काढलं होतं.

ते चालवणाऱ्या अरुणा मॅडम म्हणजे एक वल्ली होती. केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत, आणि डोक्यात एकदा काही घेतलं की ते उतरत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सुनावलं, "मूल एक असतं. आपण त्याचे तुकडे करतो. डॉक्टर मेंदू घेऊन जातो, व्यायामवाली पाय घेऊन जाते, मास्तर डोकं घेऊन जातो, आणि आईच्या हातात उरतात नुसते कागद." म्हणून त्यांनी सगळ्यांना एकाच वर्गात कोंबलं होतं. ठाण्याचे एक बालरोगतज्ज्ञ, दवाखान्यातल्या दोन नर्सा, हातापायांचे व्यायाम करून घेणारी एक मुलगी, वाचा सुधारणारे एक गृहस्थ, दादरहून येणारी समाजसेविका आणि गोजरासारख्या शिक्षिका. वर प्रत्येकाने दुसऱ्याचं काम करून बघायचं. डॉक्टरांना खिमट भरवायला बसवलं तेव्हा वाटीतलं निम्मं त्यांच्या शर्टावर गेलं आणि उरलेलं मुलाच्या कानात. नर्सा मणी ओवून घ्यायला शिकल्या. ताठरलेले पाय कंबरेतून धरून सैल कसे करायचे ते गोजराच्या हाताला बसलं.

अरुणा मॅडमचा आणखी एक नियम होता. प्रत्येकाने आपल्या भागातलं एक मूल आणायचं. आठवड्याच्या शेवटी गोल करून बसायचं आणि एकेका मुलाबद्दल प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. त्या वेळी मुलाची आई खोलीत हवीच. आईच्या माघारी तिच्या मुलाबद्दल एक शब्द निघता कामा नये.

गोजराने आणली ती पुतळा. शेजारच्या सखूची मुलगी, आठनऊ वर्षांची. तिला बोलता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत मात्र ती अशी पळायची की धावणारा माणूस मागे पडावा. आणि हसायची. अख्ख्या आळीत तितकं मोकळं हसणारं दुसरं कोणी नव्हतं.

सखू काही सहजासहजी तयार झाली नाही. नवरा बांधकामावर, स्वतः ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारी. वाशीची बस कशी पकडतात तेही तिला ठाऊक नव्हतं.

"तिकरं सगली शिकलेली लोकां," ती म्हणाली. "मना काय इचारलं तर मी काय बोलू?"

"कोन काय इचारत नाय वयनी. मी हाय ना."

त्या 'मी हाय ना'वर सखू आली. धुवट लुगडं नेसून, पुतळाच्या डोक्याला तेल थापून, तिला कडेवर घेऊन बसमध्ये चढली. पुढे रोज येऊ लागली. केंद्रात दोन आडव्या लाकडी दांड्या होत्या, त्यांच्यामध्ये पुतळाला उभं करत. महिनाभरात पोरगी दांड्या घट्ट धरून उभी राहायला लागली. सखू तोंडाला पदर लावून हसायची आणि घरी येऊन आळीत सगळ्यांना नक्कल करून दाखवायची.

"रोज आली तर दिवाळीपर्यंत पाऊल टाकेल," अरुणा मॅडमनी सांगितलं. "पण आत्ता खंड पडता कामा नये. पाय एकदा आखडले की मग मलाही सांगता येणार नाही." सखूने हे वाक्य देवाच्या कौलासारखं मनात धरलं.

गोजराचं मात्र त्या गोल बैठकीत काही खरं नव्हतं. डॉक्टर इंग्रजीत वाचत. समाजसेविका बाईंच्या तोंडून एकेक शब्द असा यायचा की नर्सा माना डोलवायच्या. गोजराची पाळी आली की ती सांगायची, "पुतळा हसते. पुतळा माणसं ओळखते. चेंडू दिला की धरते." एकदा समाजसेविका बाईंनी गोड हसून विचारलं होतं, "एवढंच?" तो 'एवढंच' गोजराच्या घशात काट्यासारखा अडकून राहिला होता. डॉक्टरांना पुतळाचा मेंदू कळत होता, व्यायामवालीला स्नायू कळत होते. शेजारी राहूनही आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, असं तिला वाटे.

एका आठवड्याच्या बैठकीत सगळे बोलून झाले. गोजरा उठली. तिने आपली तीन वाक्यं म्हटली. कोणीतरी जांभई दाबली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"आणि घरी तिला बांधून ठेवतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बांधून म्हणजे?"

"दोरीने. कमरेला. आई खाडीवर जाते तेव्हा तिला घराच्या खांबाला बांधून जाते. ओहोटी संपेपर्यंत ती तशीच असते." गोजरा हे पुस्तकी मराठीत बोलली, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवून. सखूशी ती जन्मात अशी बोलली नव्हती.

"अहो, पण हा तर छळ झाला!" समाजसेविका बाई म्हणाल्या. एक नर्स पटकन उठली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, सवयच ती. तिने सखूच्या मांडीवरच्या पुतळाचा फ्रॉक वर केला आणि कमरेवरचा काळसर वळ सगळ्यांना दिसला. अरुणा मॅडम गोजराकडे वळल्या. "हे तू आधी का नाही सांगितलंस? फार महत्त्वाचं आहे हे."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी गोजराला बरं वाटलं. पहिल्यांदाच अख्खी खोली तिच्याकडे बघत होती. मग तिची नजर सखूवर गेली.

सखू खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. एका हाताने ती मुलीचा फ्रॉक खाली ओढत होती. फ्रॉक केव्हाच खाली आला होता, तरी ओढतच होती. अरुणा मॅडमनी आवाज मऊ करून विचारलं, "सखूबाई, का हो बांधता तिला?"

सखूने मान वर केली आणि सरळ गोजराकडे बघितलं. मग म्हणाली, "खाडी दाराशी हाय, बाई." आणि गप्प बसली.

ती जे बोलली नाही ते गोजराला ऐकू आलं. गोजराला एक भाऊ होता, किसन. पुतळासारखाच, फक्त पायांनी धड. चांगुणाबाई, म्हणजे गोजराची आई, मिठागरावर जाताना त्याला मोकळा सोडायची, कारण तेव्हा शेजारपाजारचे म्हणायचे की माणसाचं पोर गुरासारखं बांधतात का. गोजरा बारा वर्षांची असताना किसन भरतीच्या वेळी घरातून निघाला. पाणी उतरल्यावर तो तिवरांच्या झाडांच्या मुळांत सापडला. पुढे काही वर्षांनी सखूची पुतळा सरकत सरकत पाण्याच्या कडेला जायला लागली, तेव्हा चांगुणाबाई स्वतः तिच्या घरी गेली. जुन्या दोरीला काचू नये म्हणून तिने लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि पहिली गाठ आपल्या हाताने मारली. "मी नाय बांधला गो," एवढंच ती सखूला म्हणाली. "तू बांध."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि गावाबाहेर कोणी बोलत नव्हतं. सारसोळ्यात माणसं एकमेकांना चारचौघांत वाट्टेल त्या शिव्या घालतील, पण एका घरची असली गोष्ट वेशीपलीकडे न्यायची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सखूने त्या खोलीत एक वाक्य उच्चारलं असतं, 'हिच्या आयशीने बांधायला शिकवलं, हिचा भाऊस गेला म्हनून,' तर सगळ्या माना गोजराकडे वळल्या असत्या. ते वाक्य तिच्या ओठांवर होतं. गोजराने ते बघितलं होतं. सखूने ते गिळलं, आणि ज्या बाईने तिला उघडं पाडलं तिच्यावर पांघरूण घातलं.

परतीच्या बसमध्ये सखू पुढच्या बाकावर बसली. उतरल्यावर पुतळाला कडेवर मारून ती झपाझप चालती झाली. गोजरा मागे मागे गेली, पण हाक मारायला तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सखू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "ताप आहे पुतळाला," गोजराने केंद्रात सांगितलं. एका पापावर दुसरं. गावात आता आपली काय शोभा होते याची ती वाट बघत राहिली. विहिरीवर बायका गप्प होतील, आई चुलीतलं लाकूड घेऊन अंगावर येईल, असं तिला वाटत होतं. काहीच झालं नाही. बायका नेहमीसारख्या खिदळत होत्या, आईने नेहमीसारखी भाकर वाढली. सखूने कोणाला सांगितलंच नव्हतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान कुठेतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. हे असं शेजारणीच्या गप्प बसण्यावर अब्रू राखून जगणं गोजराला सोसेना. आरशात बघून वेणी घालायचीसुद्धा तिला लाज वाटायला लागली.

शेवटी ती सखूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सखू चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती.

"वयनी, चुकलं माझं."

"तू काय खोटं बोललीस?" सखूने वर बघितलं नाही. "बांधते ती बांधतेच मी."

"मना लाज वाटते वयनी."

"तुझी लाज तू बघ." आता सखूच्या आवाजाला धार आली. "माझ्या पोरीचा फराक सगल्यांच्या म्होरं वर केला. बोलता येत नाय म्हनून काय तिला लाज नाय? ती मी बघते."

तरी गोजरा हलली नाही. पुतळा सरकत तिच्या पायाशी आली होती आणि तिच्या साडीचा काठ धरून उभी राहायची धडपड करत होती. दांड्यांशी करायची तशीच. पाय थरथरले आणि ती खाली बसली. दोघींनी ते बघितलं.

"पाय आखडतील गो तिचे," गोजरा म्हणाली.

सखूने हातातल्या चिंबोरीची नांगी बांधून टाकली. मग म्हणाली, "घेऊन जा तिला. तिचं नुकसान नको. पन मी त्या खोलीत पाय ठेवनार नाय. मना सांगूपन नको कोन काय बोललं."

तेव्हापासून गोजरा पुतळाला कडेवर घेऊन बसने जाऊ लागली. नऊ वर्षांची पोर, ओझं काही कमी नव्हतं, पण कंबर दुखली की गोजराला उलट बरं वाटे. पहिल्याच दिवशी तिने अरुणा मॅडमना एका बाजूला घेतलं आणि तापाची थाप, किसन, आईने मारलेली गाठ, सगळं सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. "आई खोलीत हवी एवढंच मला सुचलं," त्या म्हणाल्या. "ती बसलेली असताना कसं बोलायचं, ते मी कोणालाच शिकवलं नाही." पुढच्या बैठकीपासून त्यांनी आधी आईला बोलायला लावलं. डॉक्टर, नर्सा, मास्तर, सगळ्यांनी ऐकायचं आणि मग विचारायचं. दोरी लागत असेल तर का लागते, आणि ती सुटायची तर दाराला कुंपण कोण घालून देईल, हे विचारायचं. त्या नर्सेने त्यानंतर कुठल्याही मुलाला हात लावताना आधी आईकडे बघितलं. सगळे सुधारले. सखूचा मात्र त्यात काही फायदा नव्हता. तिची खुर्ची रिकामी होती.

नवरात्र सरलं आणि एका सकाळी पुतळाने दांड्या सोडल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ओढलं नव्हतं. समोर डॉक्टर हातात चेंडू घेऊन बसले होते. ती त्यांच्याकडे चार पावलं चालत गेली आणि चेंडूसकट त्यांच्या अंगावर पडली. खोलीत एकच गलका झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, समाजसेविका बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुतळा आधी दचकली, मग तिला ते आवडलं. ती परत उठली, परत चालली, परत टाळ्या. सकाळभर तिचा तोच खेळ चालला.

गोजरा भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे बघायचा हक्क एकाच बाईचा होता. तिने या पोरीला नऊ वर्षं कडेवर वागवलं होतं, आणि ती या घडीला खाडीच्या चिखलात उभी होती, गोजराच्या तोंडापायी. परक्यांनी बघितलं, डॉक्टरने बघितलं, आईने नाही. सखूचं गुपित तिने लोकांना दिलं होतंच, आता हा आनंदही दिला.

मग तिने मनाशी ठरवलं. निदान या वेळी आपण तोंड उघडायचं नाही. पुतळा चालली हे सखूला सांगायचंच नाही. अंगणात नेऊन उभी करायची, म्हणजे पहिलं पाऊल आईच्या डोळ्यांदेखत पडेल. केंद्रातलं कोण सारसोळ्यात येऊन सांगणार आहे?

त्याच दुपारी सखू अंगणात मासळी साफ करत बसली होती. गोजराने पुतळाला भिंतीला टेकवून उभं केलं, थोडं मागे सरकली आणि म्हणाली, "वयनी, बघ."

पुतळाने आईकडे बघितलं. भिंत सोडली. पाय फाकवून, हात पसरून ती चालत आली, अंगणाच्या मध्यापर्यंत. सखूच्या हातातला मासा तसाच राहिला.

"कवा चालली ही?" तिने विचारलं.

"आथा. हितंच. पयल्यांदा."

पुतळा अंगणाच्या मध्ये थांबली. तिने सखूकडे बघितलं, गोजराकडे बघितलं, आणि कशाची तरी वाट बघत उभी राहिली. काहीच होईना तेव्हा तिने आपले दोन्ही हात एकमेकांवर आपटले. पुन्हा दोघींच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा हात आपटले. मी चालले आणि तुम्ही टाळ्या कशा वाजवत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

सखूला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर आलेलं गोजराने बघितलं आणि तिची मान खाली गेली. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं तिला झालं. सखूने खवलं लागलेले हात लुगड्याला पुसले आणि मुलीकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. पुतळा खदखदून हसली.

"पोर वाट बघते," सखू म्हणाली. "तू पन वाजव."

गोजराने टाळ्या वाजवल्या. मान तिला वर करता आली नाही.